सहायकाचा करार कुणाशी?

अमेरिकेतल्या विद्यापीठीय बास्केटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाचं स्थान एखाद्या मोठ्या उद्योगाच्या प्रमुखासारखं झालं आहे. कनेक्टिकट विद्यापीठाने लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि 2024 साली डॅन हर्ली यांच्याशी सहा वर्षांसाठी 50 दशलक्ष डॉलरचा करार केला. अशा करारांची चर्चा खूप होते. बाकावर त्यांच्या शेजारी बसणाऱ्या सहायक प्रशिक्षकांची चर्चा मात्र संघ हरला किंवा घोटाळा झाला की मगच होते. खरं तर शाळाशाळांत फिरून खेळाडू हेरणं, त्यांच्या आईवडिलांचा विश्वास मिळवणं, प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांची चित्रफीत रात्र रात्र पाहून डावपेचांची टिपणं काढणं, घरापासून दूर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला सावरणं, ही सगळी कामं प्रामुख्याने तेच करतात. डिव्हिजन वन या सर्वोच्च गटात पुरुषांचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत, म्हणजे मुख्य पदंही तेवढीच. एकेका पदामागे पूर्वी तीन सहायक असत, आणि 2023 पासून पाचपर्यंत नेमता येतात. त्यांतल्या बहुसंख्यांच्या वाट्याला मुख्य पद कधीच येणार नाही, हे आकड्यांवरूनच उघड आहे. माझा आक्षेप या स्पर्धेला नाही. सहायकाची नोकरी कागदोपत्री विद्यापीठाची असली, तरी प्रत्यक्षात तिचं आयुष्य एका व्यक्तीच्या नोकरीला बांधलेलं असतं. या व्यवसायातली बरीचशी अनीती आणि अन्याय तिथून सुरू होतो, असं माझं म्हणणं आहे.

या वाटेवरची पहिली पायरी अनेकदा ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ची असते: शिक्षण शुल्कात सवलत, थोडं विद्यावेतन आणि कामाला वेळेची मर्यादा नाही. मग चित्रफिती सांभाळायच्या, प्रवास आणि सरावाची व्यवस्था पाहायची, आणि कुणी दखल घेतलीच तर पूर्ण सहायकपद. रॉय विल्यम्स 1978 साली नॉर्थ कॅरोलायनात मुख्य प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्याकडे अर्धवेळ सहायक म्हणून आले, तेव्हा त्यांचा पहिल्या वर्षाचा पगार 2,700 डॉलर होता. घर चालवायला त्यांनी संघाची कॅलेंडरं विकली, स्मिथ यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या टेप गाडीने केंद्राकेंद्रावर पोचवल्या. पुढे ते कॅन्ससचे मुख्य प्रशिक्षक झाले, नॉर्थ कॅरोलायनात परतून त्यांनी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ही कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण इतक्या पगारावर वर्षानुवर्षं काढणं ज्यांना परवडलं नाही, ते या कथेत दिसत नाहीत. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांची अवस्था ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गाळणी गुणांची किती आणि घरच्या आधाराची किती, हे वेगळं सांगायला नको.

ही गाळणी नुसती परिस्थितीतून आलेली नव्हती. 1991 साली एनसीएए या नियामक संघटनेने तिला नियमाचं रूप दिलं. ‘मर्यादित कमाईचा प्रशिक्षक’ असा एक वर्ग निर्माण करून त्याला शैक्षणिक वर्षात 12,000 आणि उन्हाळ्यात 4,000 डॉलरपेक्षा जास्त देण्यास मनाई केली. खर्च कमी होईल आणि नवोदितांसाठी जागा राखल्या जातील, असं समर्थन होतं. प्रशिक्षक न्यायालयात गेले. 1998 साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने हा नियम स्पर्धाविरोधी ठरवला. त्या जागांवर खरोखर नवोदितच नेमले गेले याचा पुरावाच संघटनेने दिलेला नाही, असंही नोंदवलं. पुढच्या वर्षी 54.5 दशलक्ष डॉलरवर तडजोड झाली. ‘ही शिकण्याची जागा आहे’ असं म्हणून अनुभवी माणसाला स्वस्तात राबवून घेता येतं, हे या निकालाने उघड केलं.

वेतनाची ती मर्यादा गेली, असुरक्षितता राहिली. सप्टेंबर 2017 मध्ये ऑबर्न, ॲरिझोना, सदर्न कॅलिफोर्निया आणि ओक्लाहोमा स्टेट या विद्यापीठांच्या चार सहायकांना अटक झाली. खेळाडूंना ठरावीक एजंट आणि आर्थिक सल्लागारांकडे वळवण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप होता. चौघांनीही पुढे गुन्हा कबूल केला, दोघांना तुरुंगवास झाला. त्यांचा अपराध मला जराही सौम्य करायचा नाही. विश्वासाने आलेल्या मुलांचा त्यांनी सौदा केला. पण एकाही मुख्य प्रशिक्षकावर फौजदारी आरोप ठेवला गेला नाही, आणि अटक झालेले चौघेही कृष्णवर्णीय होते, या दोन गोष्टी बाजूला ठेवता येत नाहीत. कृष्णवर्णीय सहायकाला खेळाडू आणण्याच्या कामात गुंतवायचं आणि मुख्य पदाची वेळ आली की त्याला ‘फक्त भरती करणारा’ म्हणून मागे ठेवायचं, ही तक्रार या व्यवसायात जुनी आहे. ज्याच्या हातात खेळाडूचा सगळा विश्वास आहे आणि स्वतःच्या पुढच्या वर्षाची खात्री नाही, त्याच्याच दाराशी दलाल जातो. आधी तिथेच का जातो, हा प्रश्न विद्यापीठांनी स्वतःला विचारायला हवा होता.

यावर सांगितलं जातं की निष्ठेचं फळ मिळतंच. बिल गथ्रिज तीस वर्षं स्मिथ यांचे सहायक होते, मग मुख्य प्रशिक्षक झाले आणि तीन हंगामांत दोनदा संघाला अंतिम चारांत नेलं. टॉमी लॉईड यांनी गोंझागात मार्क फ्यू यांच्या हाताखाली वीस वर्षं काढली. 2021 साली ॲरिझोनाला गेले आणि पहिल्याच हंगामात 33 सामने जिंकले. कनेक्टिकटच्या महिला संघात क्रिस डेली 1985 पासून जेनो ऑरिएमा यांच्यासोबत आहेत. तिघांचंही कर्तृत्व मोठं आहे. मात्र या तिन्ही ठिकाणी मुख्य प्रशिक्षक दशकानुदशकं टिकला, म्हणून सहायक टिकू शकला. ही उदाहरणं माझ्याच म्हणण्याला बळ देतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नव्या मुख्य प्रशिक्षकाला आपली माणसं निवडता आलीच पाहिजेत, कारण निकालाची जबाबदारी त्याची. हे मान्य. पण निवडीचं स्वातंत्र्य एक गोष्ट आणि गेलेल्या माणसाचा पगार तोडणं दुसरी. इंडियाना विद्यापीठाने 2021 साली आर्ची मिलर यांना काढलं, तेव्हा करार संपवण्याची किंमत 10 दशलक्ष डॉलरहून जास्त होती आणि ती देणगीदारांच्या पैशातून भागवली गेली. अपयशी मुख्य प्रशिक्षकाला देण्यासाठी पैसा उभा राहतो. मग त्याच्या सहायकांच्या वर्षभराच्या वेतनासाठी तो नाही, हे कारण मोठ्या विद्यापीठांच्या तोंडी शोभत नाही. लहान विद्यापीठांची अडचण खरी आहे, तिथे हमी सहा महिन्यांची असली तरी चालेल. शिवाय आता खेळाडूही मोकळे आहेत: 2018 मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची नोंद ठेवणारं ट्रान्स्फर पोर्टल आलं, 2021 पासून पहिल्या बदलीनंतर एक हंगाम बाहेर बसण्याची अट गेली. ज्याच्या शब्दावर मुलगा आला तो सहायक गेला, की मुलगाही जाऊ शकतो. मुख्य प्रशिक्षकाच्या करारात काढून टाकल्यास किती रक्कम द्यायची याचं कलम असतंच. विद्यापीठांच्या विश्वस्तांनी पुढच्या करारापासून त्याच कलमाखाली प्रत्येक सहायकाच्या एका हंगामाच्या वेतनाची हमी लिहावी, आणि ती लिहिल्याशिवाय त्या करारावर सही करू नये.