पैसा कुणाचा, हे विचारायचं की नाही?



उमेदवाराला आपण जात विचारतो, पक्ष विचारतो, निवडून येशील का म्हणून विचारतो. पैसा कुणाचा, हे विचारत नाही. विचारलं तर आपलेच लोक म्हणतात, "तुले काय करायचं? झेंडा निळा हाय ना?"

जिवतीच्या पहाडावर मी हे दर निवडणुकीला ऐकतो. अलीकडे एक नवी चाल निघाली आहे. उमेदवार बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहून सांगतो, "मी ठेकेदाराचा पैसा घेणार नाही." टाळ्या पडतात. आपली पोरं त्याच दिवसापासून घरची भाकर बांधून त्याच्यासाठी गावोगाव फिरायला लागतात. या शपथेची किंमत कशी करायची, एवढाच माझा प्रश्न आहे.

शपथ म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चांद्यात आपल्या बापजाद्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्या कुणी पाळल्या आणि कुणी नाही, हे आपण कसं ओळखतो? तो सभेत काय बोलला यावरून नाही. त्याच्या घरात जाऊन बघतो. देव्हारा गेला का? पोरीच्या लग्नाला भटजी आला का? घर बोलतं, तोंड नाही. मग धम्माला लावलेली फूटपट्टी आपण राजकारणाला का लावत नाही?

सगळी आश्वासनं एका मापाची नसतात, हेही ध्यानात घ्या. पहाडावरचं सगळ्यात मोठं आश्वासन जमिनीच्या पट्ट्याचं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं पोटासाठी इथं चढून आली. २००६ चा वनहक्क कायदा आदिवासी नसलेल्यांकडे १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागतो. बहात्तरला आलेला माणूस तो कुठून आणील? सीमेवरच्या चौदा गावांनी तर महाराष्ट्रातही मत टाकलं आणि तेलंगणातही, म्हणजे थापाही दुप्पट ऐकल्या! तरी पट्ट्याचं वचन मोडणाऱ्याला मी लगेच लबाड म्हणणार नाही. कायदा दिल्लीचा आहे. आमदार इमानदारीनं झटला तरी हात रिकामे राहू शकतात.

पैशाच्या शपथेला ही पळवाट नाही. घ्यायचा की नाही, हे त्याच्या एकट्याच्या हातात असतं. ना दिल्ली आड येते, ना जंगल खातं. म्हणून माणूस कळतो तो याच शपथेवर.

हे फक्त आपल्याकडंच घडतं असं नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी एकाच पक्षातले उमेदवार आधी आपसात लढतात. २०१९ च्या फेब्रुवारीत एलिझाबेथ वॉरेन यांनी जाहीर केलं की या लढतीत धनिकांच्या बंद दाराआडच्या मेजवान्या घेणार नाही. चांगली गोष्ट. पण २०१८ च्या सिनेट निवडणुकीसाठी जमवलेल्या निधीतून एक कोटीवर डॉलर त्यांनी या मोहिमेत वळते केले होते, आणि त्या जुन्या निधीत बड्या देणगीदारांचाही पैसा होता. शपथ आजपासून लागू, थैली कालची! ओबामांचं तर उघडच आहे. समोरचा तयार असेल तर सरकारी निधीवरच लढू, असं ते २००७ मध्ये म्हणाले. समोरचे मॅकेन सरकारी निधीवर लढले. ओबामांकडे मात्र देणग्यांचा पूर आला होता, त्यांनी जून २००८ मध्ये शब्द फिरवला. काळा माणूस गोऱ्यांच्या महालात जातो आहे म्हणून आपल्याला आनंद झाला होता, मलाही झाला. म्हणून काय प्रश्न विचारायचा नाही?

आपल्या देशातली गोष्ट जुनी आहे. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देण्याची मोकळीक हवी होती. मुंबई हायकोर्टात न्या. छागलांनी कायद्यात अडकाठी नाही म्हणून ती दिली, पण यात लोकशाहीला धोका आहे असंही बजावलं. १९६९ ला कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. पैसा थांबला नाही, टेबलाखालून गेला. १९८५ ला बंदी उठली. २०१७ ला देणगीवरची नफ्याच्या टक्क्यांची मर्यादाही काढली आणि २०१८ पासून पारदर्शकतेच्या नावाखाली निवडणूक रोखे आले. देणारा कोण, हे मतदाराला कळू नये अशी पारदर्शकता! १६ हजार कोटींवर रुपयांचे रोखे विकले गेले. सगळ्यात मोठा वाटा भाजपचा, पण तृणमूल, काँग्रेस, भारत राष्ट्र समिती यांनीही ओंजळ भरली. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ही योजना घटनाबाह्य ठरवली. मार्क्सवादी पक्षानं रोखे घेतले नाहीत, वर त्याविरुद्ध कोर्टातही गेला. त्यांच्याशी आपलं भांडण आहे ते राहू द्या. इथं त्यांचं तोंड आणि त्यांचं घर एक निघालं.

आता तुम्ही म्हणाल, समोरचा नोटांच्या पेट्या उघडतो, आमच्या माणसानं हात बांधून लढायचं का? सवाल खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. मोठ्या माणसाचा पैसा घेणं हेच पाप असतं तर 'मूकनायक' निघाला नसता. १९२० साली त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्या पैशानं बाबासाहेबांची लेखणी वाकली का? तेव्हा घेणं वेगळं आणि घेत नाही म्हणून सांगून घेणं वेगळं. गरज असेल तर उभं राहून सांग, अमक्याकडून इतके घेतले, अमुक काम मात्र त्याचं करणार नाही. लोक ऐकतील, काही सोडूनही जातील. पण शपथेनं आमच्या पोरांचे पाय आणि वेळ फुकट मिळवायचे आणि मागच्या दारानं ठेकेदाराची जीप घ्यायची, ही दोनदा केलेली चोरी आहे.

जिंकण्यासाठी सगळं चालतं म्हणणाऱ्यांनी शेजारच्या भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक आठवावी. जागा दोन, मतदाराला मतं दोन. राखीव जागेवर बाबासाहेब, दुसऱ्या जागेवर अशोक मेहता. दुसरं मत कुजवा म्हणजे बाबासाहेब नक्की येतील, असा हिशेब कार्यकर्त्यांनी मांडला. बाबासाहेबांनी तो फेटाळला. घटना लिहिणाऱ्यानं मत कुजवायला सांगायचं? मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. त्यासाठी त्यांना कुठल्या फोटोसमोर शपथ घ्यावी लागली नव्हती.

आणि आपल्या घरातही डोकावू. कांशीरामजींनी नोकरदारांच्या वर्गणीवर बामसेफ उभी केली. गरिबानं नोट दिली की तो मत विकत नाही, हे त्यांना पक्कं कळत होतं. त्यांचाच बसप पुढं वर्षानुवर्षं निवडणूक आयोगाला सांगत आला की वीस हजारांवरची एकही देणगी आम्हाला मिळाली नाही. सगळी गरिबांची नाणी असतील तर अभिमानच आहे. पण नाव नसलेलं नाणं आणि नाव लपवलेली थैली कागदावर सारखीच दिसतात. रोख्यांवर बोंब मारायची आणि इथं गप्प बसायचं, हे मला जमत नाही.

"मी कुणाचाच घेत नाही, स्वतःचा लावतो" म्हणणारा तर आणखी निरखून बघावा. २००२-०३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांपासून उमेदवाराला मालमत्ता आणि गुन्हे शपथपत्रात लिहावे लागतात. मागचं आणि आताचं शपथपत्र शेजारी ठेवा. मधल्या पाच वर्षांत शेत किती वाढलं, गाड्या किती झाल्या, धंदा काय लिहिलाय? शपथपत्रात देणगीदाराचा रकाना नाही. पण निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि तो कुणालाही बघता येतो. नियमातली फी एक रुपया. जिवतीहून गडचांदूर, राजुरा करत चंद्रपूरला जायचं एसटीचं तिकीट त्याच्या कितीतरी पट आहे. ते आपण वर्गणी करून काढू. पुढच्या वेळी फोटोसमोर हात वर करणाऱ्याचा मागच्या वेळचा हिशेब कुणी कुणी बघून यायचं, नावं द्या.