आधी डाव, मग वाद

"टेबलावर राजकारण नको." रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या अनेक गटांत नव्या खेळाडूला ही सूचना पहिल्याच दिवशी मिळते. हेतू चांगला असतो. आठवडाभर टीव्हीवर, फोनवर, लोकलमध्ये तेच ते ऐकून माणसं विटलेली असतात. निदान शनिवारची संध्याकाळ तरी निवडणुकांपासून मोकळी मिळावी, एवढंच त्यांचं मागणं असतं. पण डाव सुरू होतो आणि तेच खेळाडू राजाला गादीवरून खाली खेचायचा बेत आखू लागतात. गावावर कर किती बसवायचा, शरण आलेल्या शत्रूला सोडायचं की मारायचं, यावर तासन्‌तास भांडतात. मग नको असलेलं राजकारण नेमकं कोणतं?

हा खेळ कसा चालतो, हे 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका पाहिलेल्यांना सांगायला नको. डाव चालवणारा एक गेम मास्टर, चार-पाच खेळाडू, प्रत्येकाचं एक पात्र, वीस बाजूंचा फासा आणि भरपूर बोलणं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच खेळाच्या पहिल्या हजार प्रती 1974 साली अमेरिकेत छापल्या गेल्या. आज पुण्या-मुंबईतही त्याचे गट जमतात. मात्र त्याआधीच्या पाच वर्षांची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे.

1969 साली मिनेसोटातल्या मिनीयापोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांत युद्धखेळांचा नाद असलेली तरुण मंडळी होती. त्यांच्यातल्या डेव्हिड वेस्लीने नेपोलियनच्या काळातला एक डाव मांडला. ब्राऊनस्टाईन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, आणि त्या गावाकडे सरकणाऱ्या फौजा. वेस्लीने फौजांबरोबर गावातली माणसंही खेळाडूंना वाटून दिली. कुणी नगराध्यक्ष झाला, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई राहिली बाजूला. खेळाडू कोपऱ्या-कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी खलबतं करू लागले. डाव फसला, असं वेस्लीला वाटलं. खेळाडूंनी मात्र असाच आणखी एक डाव मागितला. पुढच्या एका डावात लॅटिन अमेरिकेतला कल्पित देश होता आणि आर्नेसनकडे क्रांतिकारक विद्यार्थ्याचं पात्र होतं. आपण सीआयएचा माणूस आहोत, हे त्याने बाकीच्यांच्या गळी उतरवलं आणि डाव फिरवला. व्हिएतनाम युद्ध चालू असतानाच्या अमेरिकेत, विशीतल्या मुलांनी हे खेळलं. ड्रॅगन नंतर आले. नगराध्यक्ष, सावकार आणि विद्यार्थी नेता आधी होते. राजकारण या खेळात बाहेरून शिरलं, हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही.

तरीही ती सूचना अगदीच निराधार नाही. मत आणि निर्णय यांतला फरक लक्षात घेतला की तिचा अर्थ लागतो. चहाच्या टपरीवर सरकारबद्दल जे बोललं जातं, ते मत. ते द्यायला काही लागत नाही, चुकलं तर बोलणाऱ्याचं काही जात नाही, आणि ज्याच्याबद्दल ते दिलं तो समोर नसतो. डावातल्या नगराध्यक्षाला मत देऊन सुटता येत नाही. धान्य सैन्याला द्यायचं की गावाला, हे त्याला ठरवावं लागतं. सैन्याला दिलं तर गावकऱ्याचं पात्र घेतलेला मित्र टेबलाच्या पलीकडेच बसलेला असतो आणि तो तोंडावर जाब विचारतो. निर्णयाची किंमत मोजणारा माणूस नजरेसमोर असणं, ही या खेळाची मोठी देणगी आहे.

'खेळ म्हणजे विसावा' म्हणणाऱ्यांची इथे गल्लत होते. त्यांना गप्पांमधली शेरेबाजी नको असते आणि ती थांबवताना ते सगळंच राजकारण नाकारतात. ज्या पुस्तकावरून ते खेळतात, तेही निर्लेप नाही. ऑर्क आणि ड्राऊ या जमाती जन्मतःच दुष्ट असल्याचं चित्रण प्रत्यक्षातल्या मानवसमूहांच्या बदनामीची आठवण करून देतं, हे 2020 साली खुद्द प्रकाशक कंपनीने, विझर्ड्‌स ऑफ द कोस्टने, जाहीरपणे मान्य केलं.

आणि 2023चा जानेवारी? 2000 सालापासून एका खुल्या परवान्यामुळे कुणालाही या खेळाच्या नियमांवर आधारलेलं स्वतःचं साहित्य विकता येत होतं. कंपनी हा जुना परवाना मोडीत काढणार आणि साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर रॉयल्टी घेणार, असा मसुदा फुटला. खेळाडू नुसते चिडून थांबले नाहीत. अनेकांनी कंपनीच्या 'डी अँड डी बियाँड' सेवेची वर्गणी बंद केली, छोटे प्रकाशक एकत्र आले. 27 जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना खुला केला. खेळाडूंची ही शेरेबाजी नव्हती. पदरचं काही सोडून घेतलेला निर्णय होता.

मग निर्णयाची सवय लावणारा हा खेळ माणसाला शहाणा नागरिक बनवतो, असं म्हणावं का? इथे इंग्रज लेखक एच. जी. वेल्स आडवा येतो. शिशाच्या सैनिकांनी खेळायच्या युद्धाचे नियम त्याने 1913 साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात मांडले. जमिनीवर तोफा मांडून तीन-चार डाव खेळलेल्या माणसाला खरं युद्ध किती गोंधळाचं असणार हे कळून येईल, असा त्याचा मनापासूनचा विश्वास होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि त्याच वेल्सने हे युद्ध सगळ्या युद्धांचा शेवट करील, असं सांगत जर्मनीविरुद्धच्या लढाईची बाजू घेतली. त्याच्या त्या बाजूला कारणं होती. पण ज्याने नियम रचले, त्यालाही खेळाने युद्धापासून दूर ठेवलं नाही, हे उरतंच. डावातला नगराध्यक्ष शेवटी उठून घरी जातो. उपाशी राहिलेलं गाव कागदावरच असतं. निर्णय घेऊन पाहणं पुरेसं नाही. तो का घेतला, हे नंतर कुणीतरी विचारावं लागतं.

हा प्रश्न विचारण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजने बसवली. तिथले इतिहासाचे प्राध्यापक मार्क कार्न्स यांनी 1990च्या दशकात 'रिअ‍ॅक्टिंग टू द पास्ट' हे वर्गात खेळायचे डाव सुरू केले. त्यांतला एक डाव 1945च्या सिमला परिषदेचा आहे. एन्स्ली एम्ब्री यांच्यासोबत कार्न्स यांनीच तो रचला. व्हाइसरॉय वेव्हेलने बोलावलेली ती परिषद, कार्यकारी मंडळातले मुस्लिम सदस्य कुणी नेमायचे यावरून मोडली. वर्गात विद्यार्थी काँग्रेस, मुस्लिम लीग आणि इतर गटांच्या बाजूने बोलतात. बरेचदा स्वतःला न पटणारी बाजू त्यांना लढवावी लागते. डाव इतिहासापेक्षा वेगळाही संपू शकतो. तो संपल्यावर पात्रं उतरवून सगळे चर्चेला बसतात. प्रत्यक्षात काय झालं, आपण वेगळं का वागलो, आपल्या पात्राला काय दिसत नव्हतं, याचा हिशेब मांडतात.

म्हणून त्या सूचनेला सरसकट विरोध करणंही बरोबर नाही. डाव चालू असताना आजच्या पक्षांवरचे, नेत्यांवरचे शेरे खरोखरच नकोत. एका टोमण्याने समोरचा माणूस पात्रातून बाहेर पडतो आणि पुन्हा आपल्या पक्षाचा होऊन बसतो. पण ही बंदी शेवटचा फासा पडेपर्यंतच हवी. त्यानंतर मित्रांनी अर्धा तास थांबावं. नगराध्यक्ष झालेल्याला विचारावं, धान्य सैन्याला का दिलंस? आपल्या शहराच्या पालिकेनं हेच केलं असतं तर तुला चाललं असतं का? रोलप्लेइंगचे गट चालवणाऱ्यांनी आणि इतिहास, नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांनी एवढं करून पाहावं. त्यासाठी सिमल्याच्या डावासारखे आपले डाव रचावे लागतील, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापासून गोव्याच्या 1967च्या जनमत कौलापर्यंत त्याला लागणारी सामग्री आपल्याकडे आहे.