अजब बंगला आणि आमचा देव्हारा

मार्गशीर्षातील सप्ताहानिमित्त आम्ही नागपूर मुक्कामी होतो. काल्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळी म्हणाली, "महाराज, गाडीला अवकाश आहे, अजब बंगला तरी पाहून घ्या." मध्यवर्ती संग्रहालय हे त्याचे कागदोपत्री नाव. १८६३ साली ते स्थापन झाले. पण लोकांच्या तोंडी बसला तो अजब बंगलाच. शिल्पे, शिलालेख, नाणी, गोंडांच्या वस्तू हे सारे पाहत पाहत आम्ही पेंढा भरलेल्या पशुपक्ष्यांच्या दालनात आलो. मंडळींतल्या एका बाईंचे लहान पोर काचेला नाक लावून उभे होते. ते एकदम म्हणाले, "माय, हे पाखरू उडत काऊन नाही?"

माय हसली, आम्हीही हसलो. पण प्रश्न काही मनातून जाईना.

आवडीची वस्तू आपल्यापाशी असावी, हा जीवाचा स्वभावच आहे. परंतु पाखराची आवड असणे आणि पाखरू आपल्या मालकीचे असणे, या दोन गोष्टी एक आहेत काय? महिपतीबाबांनी तुकोबारायांच्या चरित्रात शेत राखण्याची कथा सांगितली आहे. राखणीला बसवलेल्या तुकोबांनी पाखरे हाकललीच नाहीत. त्यांना पोटभर खाऊ दिले. कणसावर बसलेले पाखरू तुकोबांचे नव्हते, म्हणूनच ते त्यांना सोयरे वाटले. काचेतले पाखरू मात्र संग्रहाचे आहे. त्याला दाणा नको, पाणी नको, आणि ते कुणाचे सोयरेही नाही.

तथापि एवढ्यावर निकाल देणे अन्यायाचे होईल. स्टीफन हिस्लॉप नावाचे एक मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. त्यांच्या आमच्या धर्ममताचा मेळ बसणार नाही, ते असो. पण त्या गृहस्थांनी नागपूरजवळच्या टाकळीच्या दगडांत जुन्या वनस्पतींची फळे, बिया आणि शिंपले शोधून काढले. आपला दख्खनचा काळा पाषाण ज्या काळी लाव्हारसाच्या रूपाने वाहत होता, त्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ती सृष्टी! त्यांनी दगड गोळा केले नसते तर हे आपणांस कोण सांगणार होते? संग्रहालय निघाले त्याच १८६३ सालच्या ४ सप्टेंबरला, टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना, ते पुराच्या पाण्यात बुडाले. गोळा करण्याच्या वेडापायी माणसाने देह ठेवला, त्याला केवळ हाव कसे म्हणावे?

अमेरिकेत सिॲटल शहरी मार्क डायन या कलावंताने २००६ साली एक निराळाच प्रकार केला. अरण्यात १९९६ साली उन्मळून पडलेल्या झाडाचे साठ फूट लांबीचे खोड त्याने शहरात आणले आणि खास त्यासाठी बांधलेल्या काचघरात ठेवले. मेलेल्या खोडावर शेवाळे, नेचे, नवी रोपे वाढतात. बघणाऱ्यांच्या हाती भिंग देतात. पण रानात हे सारे फुकट चालते. तिथे ओलावा, माती, उजेड, एकूणएक गोष्ट माणसाला राबून पुरवावी लागते. एक पडलेले झाड सांभाळायला एवढा खटाटोप! रान तोडणे किती सोपे आणि परत उभे करणे किती अवघड, हे काही न बोलता त्या काचघराने दाखवले, असे आम्हांस वाटते. आळंदीच्या अजानवृक्षाखाली पारायणाला बसणारा वारकरी फांदी मोडत नाही, गळलेले पान उचलून कपाळाला लावतो. त्यालाही हेच कळलेले असते; फक्त त्याला भिंग लागत नाही.

इथवर विचार झाला आणि आम्हांलाच आमची लाज वाटू लागली. कारण घरचा देव्हारा आठवला.

आमच्या आजोबांचे पाच शाळिग्राम आमच्याकडे आहेत. गंडकीच्या शाळिग्रामावर जे चक्र दिसते तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सागरी जीवाच्या कवचाचा ठसा, असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे नागपूरच्या काचेत जे आहे त्याचेच भावंड आमच्या देव्हाऱ्यात! भेद कोणता? आजोबा रोज त्यांना स्नान घालीत, तुळस वाहत, नैवेद्य दाखवल्यावाचून तोंडात घास घालीत नसत. बाहेरगावी निघाले तर शेजारच्या भटजींना दहादा बजावून जात. त्यांच्या हातात तो दगड नव्हता. आणि आम्ही? प्रवचनांच्या फेऱ्यांत आम्हांस सवड नाही म्हणून गेली कित्येक वर्षे ते पाचही शाळिग्राम एका पितळी डब्यात, कापसात गुंडाळून ठेवलेले. वर चिठ्ठी आहे, "आजोबांचे, सांभाळणे." अजब बंगल्यातल्या पाट्यांहून ही चिठ्ठी वेगळी ती काय? तिथे निदान चार पोरे येऊन पाहतात तरी. आमच्या डब्याचे झाकण कोण उघडतो?

घरी आल्यावर डबा काढला. नित्य पूजा करणारे एक वृद्ध माळकरी आमच्या आळीत आहेत, त्यांना चार शाळिग्राम नेऊन दिले. त्यांनी पंचा पसरून ते घेतले आणि विचारले, "पाचवा कुठं आहे, माउली?"

पाचवा आम्ही ठेवून घेतला आहे. सकाळी त्यावर पाणी घालतो. दोन वेळा चुकले.