शांत खेड्याचा पंचनामा

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि तेव्हापासून एक जुना समज नव्या जोमाने मांडला जाऊ लागला : कोकणातले खेडे मुळातच शांत होते, भांडणे पंचांत मिटत, खून ही अपवादाची गोष्ट होती आणि कोर्टकचेरीची सवय इंग्रजांनी लावली. हल्ली या समजाला दप्तराचाही आधार दिला जातो. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, एकोणिसाव्या शतकातील कागदांत खुनाच्या नोंदी थोड्या, म्हणून महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात खूनही थोडेच, असा हा हिशेब आहे. चार्ल्स मेटकाफने १८३० साली हिंदी खेड्यांना छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी त्या गौरवाचा समाचार घेतला, हे सर्वांना ठाऊक आहे आणि ते पुन्हा उगाळण्याची गरज नाही. प्रश्न त्याहून साधा आहे. मेलेल्या माणसाच्या मरणाचे कारण कागदावर कोण लिहीत होते, आणि ते लिहिताना त्याचा कोणाशी काय संबंध होता?

मुंबई शहरापुरते याचे उत्तर १८७१च्या कॉरोनर कायद्यात आहे. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी ज्युरीच्या मदतीने करणारा स्वतंत्र अधिकारी, आणि हे पद मुंबईत १९९९पर्यंत टिकले. दासगावसारख्या बंदरगावाला किंवा पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाड्यांना असा अधिकारी कधीच मिळाला नाही. त्यांच्यासाठी १८६७चा मुंबई ग्राम पोलीस कायदा होता आणि त्या कायद्यातल्या मृत्यू-तपासाच्या तरतुदीत शांत खेड्याचे बरेचसे रहस्य दडलेले आहे.

गावच्या हद्दीत कोणाचा अकस्मात किंवा अनैसर्गिक मृत्यू झाला, किंवा प्रेत सापडले, की पोलीस पाटलाने गावातली किंवा शेजारची दोन वा अधिक समंजस माणसे तत्काळ जमवावीत, त्यांनी मृत्यूच्या कारणाचा शोध घेऊन लेखी अहवाल द्यावा आणि पाटलाने तो पोलीस अधिकाऱ्याकडे रवाना करावा, असे हा कायदा सांगत होता. मृत्यू बेकायदा कृत्याने झाला असा संशय या तपासात निघाला आणि प्रेत नेण्याजोग्या स्थितीत असले, तर ते सिव्हिल सर्जनकडे किंवा सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडे पाठवायचे होते. म्हणजे डॉक्टरची पाळी पंचांच्या संशयानंतर येई. जखम पाहून संशय यावा, हा वैद्यकाचा साधा क्रम येथे उलटा होतो, कारण पंचांना संशय आला नाही तर जखम डॉक्टरच्या दृष्टीस पडतच नाही.

दुसरी अट प्रेताच्या स्थितीची होती आणि ती लिहिणाऱ्याला सावित्रीच्या खोऱ्यातला पावसाळा बहुधा ठाऊक नसावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सावित्री, काळ आणि गांधारी दुथडी भरतात, ओढ्यांना उतार राहत नाही, वाडीतून तालुक्याला जाणारी पाऊलवाट दिवस दिवस बंद पडते आणि त्या दमट हवेत प्रेत फार काळ टिकत नाही. खून आषाढात झाला तर शवविच्छेदन टाळण्यासाठी कोणाला लाच देण्याचीही गरज नव्हती. कायद्यातली अट आणि पाऊस मिळून ते काम करत. मग कागदावर उरते ते पंचांचे मत : पाय घसरून विहिरीत पडला, पुरात वाहून गेला, पान लागले (म्हणजे साप चावला). यांतली पुष्कळ मरणे खरोखर तशीच झाली असतील, कारण त्या मुलखात साप, कडे आणि पूर यांची वाण कधीच नव्हती. पण खरे कोणते आणि रचलेले कोणते हे निवडण्याचे साधन त्या कागदात नाही आणि म्हणून त्यावरून शांततेचा निष्कर्षही काढता येत नाही.

आता ही समंजस माणसे कोण, हे पाहिले पाहिजे. पाटीलकी वंशपरंपरेची होती आणि महाडच्या खोती गावांत जमिनीचा दाब खोताच्या हाती होता. (खोत म्हणजे सरकार आणि रयत यांच्यामध्ये उभा राहून सारा वसूल करणारा वतनदार.) मृताचे कूळ ज्याच्या जमिनीवर राबते त्याच्याच मर्जीतले दोघे पंच म्हणून बसले, तर त्यांच्याकडून वेगळ्या मताची अपेक्षा करणे व्यर्थ होते. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, लष्करातून निवृत्त झालेले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवणारे गृहस्थ, १८९५ साली तालुका लोकल बोर्डावर नेमले गेले, तेव्हा त्यांच्यासोबत बसण्याला सवर्ण सभासदांनी आक्षेप घेतला. सरकारी नेमणूक असलेल्या शिकल्यासवरल्या माणसाची ही गत, तर एखाद्या महार किंवा कातकरी कुटुंबातल्या मृत्यूच्या तपासात त्या कुटुंबाच्या बाजूचा माणूस पंच म्हणून बोलावला जात असेल, हे मानणे कठीण आहे. महाराचे काम प्रेताची राखण करण्याचे आणि वर्दी घेऊन चालत जाण्याचे होते. मत देण्याचे काम इतरांचे.

तरीही ही व्यवस्था आंधळी होती असे म्हणणे चुकीचे ठरेल. तिला काही मरणे फार स्पष्ट दिसत. विधवेच्या पोटी जन्मलेले आणि जन्मताच मारले गेलेले मूल गावाच्या नजरेतून सहसा सुटत नसे, आणि जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांना १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले ते याच कारणाने. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला १८८१ साली अर्भकहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, जी पुढे कमी करण्यात आली; त्यावरच्या वृत्तपत्री गदारोळाने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली आणि विधवेला त्या अवस्थेला पोहोचवणारा पुरुष कोठे आहे, हा प्रश्न ऐरणीवर आणला. खेड्याच्या तपासाला दुबळा माणूस आरोपी म्हणून दिसत होता, पण मृत म्हणून दिसत नव्हता. शांततेचे सगळे आकडे या एका दोषाने बाधित आहेत.

हा दोष फक्त कोकणाचा नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, साउथ कॅरोलायनातील एजफिल्डसारख्या ग्रामीण काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग), एकोणिसाव्या शतकातले कॉरोनरच्या चौकशीचे कागद मोठ्या संख्येने टिकले आहेत आणि इतिहासकार ते बारकाईने वाचत आहेत. तेथे गुलामाच्या मृत्यूचीही चौकशी होई, पण ज्युरीत बसत ते गोरे शेजारी, आणि मृत्यू देवाच्या इच्छेने झाला हा निकाल त्यांना सहज सुचे. गुलामगिरी संपल्यावर जमावाने फासावर लटकवलेल्या काळ्या माणसांबद्दल अशाच ज्युरी अज्ञात व्यक्तींच्या हातून मृत्यू असा निर्णय देत राहिल्या, जरी त्या व्यक्तींना सारे गाव ओळखत असे. तिथल्या अभ्यासकांना निदान कागद तरी मिळाले. आपल्याकडे पोलीस पाटलांचे अहवाल कोणी जपले नाहीत आणि त्या पोकळीलाच सलोखा म्हटले जाते.

महाडमध्ये हिंसा कागदावर केव्हा आली, हेही बोलके आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेला आलेल्या अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला, खटला उभा राहिला आणि जूनमध्ये काही आरोपींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. परतणाऱ्या प्रतिनिधींना वाटेवरच्या खेड्यांतही मार खावा लागला, पण न्यायालयापर्यंत पोहोचले ते मुख्यतः शहरातले प्रकरण, जेथे बाहेरचे डोळे होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला डॉ. आंबेडकर बोटीने दासगाव बंदरात उतरले, तेव्हा जिल्हा पोलीस अधीक्षक कलेक्टरचे पत्र घेऊन धक्क्यावर हजर होते. राज्याचा डोळा बंदरापर्यंत येत होता. वाडीत पाटील होता.

येथवरच्या विवेचनावरून गावातल्या पंचांना हटवून सगळा तपास बाहेरच्या तज्ज्ञाकडे सोपवावा असे कोणाला वाटेल, पण त्याच दासगावचा अलीकडचा इतिहास ते मान्य करू देत नाही. जुलै २००५च्या अतिवृष्टीत दासगाव आणि जुई येथे दरडी कोसळून घरेच्या घरे गाडली गेली, आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्याच तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली, जिथे शोध थांबवून न सापडलेल्यांना मृत मानावे लागले. चिखलातून निघालेला देह कोणाचा हे हातातल्या काकणावरून किंवा पायाच्या जुन्या व्रणावरून शेजारीणच सांगू शकते. कोणत्या घरात त्या रात्री पाहुणा मुक्कामी होता हे कोणत्याही सरकारी यादीत नसते. मरणोत्तर पंचनाम्यात प्रेताची दिशा, अंगावरचे कपडे, डोळे, जीभ, दागिने आणि जखमांची लांबी-रुंदी लिहून झाल्यावर शेवटी पंचांचे मत येते, आणि ते मत देण्याजोगे ज्ञान फक्त गावाकडेच असते. तेव्हा दोष गावाच्या ज्ञानात नाही. गावातल्या कोणाचे ज्ञान मोजायचे, हे ठरवण्याच्या रीतीत तो आहे.

कायद्याने हे एका ठिकाणी कबूल केले आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत १९८३ साली दुरुस्ती होऊन, लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर प्रेत डॉक्टरकडे पाठवणे बंधनकारक झाले. पंचांना संशय येण्याची वाट पाहणे तेथे थांबले, कारण सासरच्या गावात पंचही सासरचेच असतात, हे हुंडाबळींनी दाखवून दिले होते. हाच न्याय वेठबिगार मजुराला, वीटभट्टीवर मरणाऱ्या कातकऱ्याला आणि जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्याला लावायला काही अडचण नाही.

१ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४मध्ये मृत्यूचा तपास आजही परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्षच करायचा आहे. ही प्रतिष्ठेची अट काढून, निदान एक पंच मृताच्या वस्तीतला आणि एक स्त्री असावी अशी तरतूद राज्याने करावी, आणि महाड-पोलादपूरच्या पोलीस ठाण्यांत अकस्मात मृत्यूच्या ज्या जुन्या नोंदवह्या अद्याप शिल्लक असतील त्या रद्दीत जाण्यापूर्वी पुराभिलेखागाराने ताब्यात घ्याव्यात.