कामाशिवाय मुंबई

महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागली. आम्ही फलाटावरच होतो, तेवढ्यात डोंबिवलीच्या आतेदिरांचा फोन आला. "वहिनी, काय काम काढलंत?" मी म्हणाले, "काम काही नाही भाऊजी, मुंबई बघायला आलोय." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग काळजीचा सूर, "तब्येती बऱ्या आहेत ना दोघांच्या?"

त्यांची काळजी मनापासूनची होती. आमच्या सांगली-मिरजेकडचा माणूस मुंबईला जातो तो कामानंच. मंत्रालयात अडकलेली फाइल, परळला दाखवायचा पेशंट, मुलीची मुलाखत, मुलाला विमानतळावर सोडणं, कुणाचं लग्न, कुणाचा दहावा. लग्नानंतरच्या एकतीस वर्षांत आम्ही दोघं अशा कितीतरी खेपा केल्या. पत्ता शोधायचा, काम उरकायचं, रात्री कुणाकडे तरी सतरंजीवर पाठ टेकायची आणि परत. तरीही हे शहर मला फार आवडत आलंय. का आवडतं, ते मात्र मला कधी नीट सांगता आलं नव्हतं. गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मी ह्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. तीन दिवस मुंबई. लॉजवर राहायचं, कुणाकडे उतरायचं नाही, कसलंही काम न्यायचं नाही.

स्टेशनाबाहेर आलो आणि मी थांबले. या इमारतीखालून मी अनेकदा गेले होते, पण मान वर करून तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. हातात पिशव्या आणि डोळ्यांपुढे घड्याळ असलं की दिसतो फक्त इंडिकेटर. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदानं आखलेल्या या वास्तूचं काम 1878 मध्ये सुरू झालं आणि पुरं व्हायला जवळपास दहा वर्षं लागली. तिच्यावरच्या नक्षीत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. दगडात मोर आहेत, माकडं आहेत, पानंफुलं आहेत, आणि फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. युनेस्कोनं 2004 मध्ये तिला जागतिक वारशात घेतलं. दगडातली ती झाडं-पाखरं रोज लाखो प्रवाशांच्या डोक्यावर असतात. ती घडवणाऱ्या पोरांनी वर बघणाऱ्या कुणासाठी तरी हात चालवला असणार. त्यांच्यासाठी मी त्या दिवशी दहा मिनिटं उभी राहिले. ह्यांनी दोन्ही बॅगा धरून ठेवल्या.

ह्यांनी वहीच्या एका पानावर सतरा ठिकाणं लिहून आणली होती. बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस, खातं जुळल्याशिवाय घरी न जाण्याची सवय. पहिल्या दिवशी आम्ही संग्रहालय केलं, जहांगीर कलादालन केलं, ओव्हल मैदानाच्या कडेनं चाललो. 'केलं' हाच शब्द आमच्या तोंडी येत होता. ओव्हलवर मला खरंच थांबायचं होतं. पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दोन्ही 1878 साली पुरी झालेली, टोकदार कमानींची, दगडी. पश्चिमेला समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरची 1930 नंतरची आर्ट डेको घरं, गोलसर सज्जांची, फिकट रंगांची. पन्नास-साठ वर्षांच्या अंतरानं बांधलेली ही दोन शहरं एकमेकांसमोर उभी आहेत आणि मधल्या मातीत एकाच वेळी क्रिकेटचे कितीतरी डाव चाललेत. युनेस्कोनं 2018 मध्ये या साऱ्या समूहाला मान दिला तो हे दोन काळ असे समोरासमोर आहेत म्हणून. मी म्हणाले, "अहो, बसू या ना जरा." हे म्हणाले, "अगं, अजून नऊ राहिलीत."

संध्याकाळी एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर आमचं भांडण झालं. 1833 सालचा तो टाउन हॉल, समोर तीस पायऱ्या. मी वरच्या पायरीवर बसले, हे पाच-सहा पायऱ्या खाली, माझ्याकडे पाठ करून. भांडण यादीचं होतं, पण खरं कारण जुनं होतं. एकतीस वर्षं आम्ही कामं वाटून घेत जगलो. आई-वडिलांची आजारपणं, मुलांच्या शाळा, घराचे हप्ते. दोघं मिळून फार काही केलं. पण नुसतं शेजारी बसणं आमच्या हातून झालं नाही, आणि आता वेळ मिळाल्यावर ते जमेनासं झालं होतं. पाहण्याचंही आम्ही काम करून टाकलं होतं. सुट्टीवर निघालेल्या कितीतरी नवरा-बायकोंना मी हल्ली असं पाहते. ते एक ठिकाण उरकतात, फोटो काढतात आणि पुढच्या ठिकाणाकडे धावतात. पैसे खर्चलेत तर वसूल झाले पाहिजेत, या विचाराला मी हसणार नाही. ज्यांनी पै-पै जोडली त्यांचा तो संस्कार आहे. पण शहर असं वसूल होत नाही, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही घारापुरीची लेणी बघायला गेलो. गेटवेवरून लाँचनं तासभर. उतरल्यावर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. ह्यांचा गुडघा दुखतो म्हणून थांबत थांबत चढलो. आदल्या दिवसापासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

ही लेणी साधारण सहाव्या शतकाच्या मध्यावरची. शाळेच्या सहलीत मुलांना घेऊन मी इथे एकदा आले होते, तेव्हा डोकी मोजण्यातच वेळ गेला. त्रिमूर्ती म्हणून आपण जिला ओळखतो ती सदाशिवाची मूर्ती तेवढी आठवत होती. या वेळी अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबलो आणि माझ्या ध्यानात आलं की या गुहेतलं बरंचसं एका जोडप्याचं आयुष्य आहे. एका बाजूला कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीचा विवाह. पार्वती शिवाच्या उजवीकडे उभी आहे, कारण ती अजून वामांगी झालेली नाही. तिचा हात त्याच्या हातात आहे आणि मान किंचित खाली. ब्रह्मदेव पौरोहित्याला बसलेत. दुसरीकडे दोघं कैलासावर बसलेली. तिथे पार्वतीनं तोंड फिरवलंय, आणि जाणकार त्याला रुसवा म्हणतात. आणखी एका शिल्पात रावण कैलास हलवतोय, म्हणजे घर हलतंय. गंगावतरणात वरून गंगा उतरते आहे आणि पार्वती शेजारी उभी आहे. आणि सदाशिवाच्या एका अंगाला अर्धनारीश्वर, डावं अंग तिचं. मधल्या भव्य मूर्तीतही पाहणाऱ्याच्या डावीकडचा चेहरा उग्र, मिशीचा, अन् उजवीकडचा मऊ, स्त्रीचा, हाती कमळ असलेला. मधला चेहरा डोळे मिटून शांत.

कितीतरी मूर्तींचे हात-पाय तुटलेले आहेत. तरी तो रुसवा शाबूत आहे, तेवढी मान वळलेली कळते. ज्या शिल्पकारांनी जगाच्या उत्पत्ती-लयाचा देव घडवला, त्यांना बायकोचा रुसवाही दगडात कोरण्याइतका मोलाचा वाटला. लग्न, राग, हादरे, शेजारी उभं राहणं हे सगळं त्यांनी एकाच छताखाली ठेवलं. मी त्या रुसव्यासमोर बराच वेळ उभी राहिले. हे मागून आले आणि म्हणाले, "यादी लॉजवरच ठेवलीय." एवढंच. आम्ही दोघं खांबाला टेकून खाली बसलो. रखवालदारानं एकदा पाहिलं आणि तो पुढे गेला.

परतताना लाँचवर एक म्हातारी भेटली, बेटावरच राहणारी. तिच्या घरी समुद्राखालून केबल टाकून 2018 मध्ये वीज आली. समोर रात्रभर मुंबई झगमगताना बघत तिनं आयुष्य कंदिलात काढलं होतं. आपण ज्याला प्रेक्षणीय स्थळ म्हणतो तिथे कुणाचा तरी संसार चालू असतो, हे मी आता विसरणार नाही.

तिसऱ्या दिवशी ठरवलेलं काहीच नव्हतं. राणीच्या बागेत जाऊन घारापुरीचा दगडी हत्ती मात्र पाहिला. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्लंडला न्यायचा म्हणून उचलताना तो फुटला. पुढे तुकडे जोडून त्याला उभा केलाय, सांधे दिसतात. मग दुपारपासून रात्रीच्या गाडीपर्यंत आम्ही मरीन ड्राइव्हला बसलो.

बसण्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय. आमच्या सांगलीत कृष्णेचा घाट आहे, आमराई आहे, पण दर दहा पावलांवर ओळखीचं कुणीतरी भेटतं आणि विचारतं, "इकडे कुठे?" बाई एकटी बसली तर प्रश्न वाढतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक 2011 मध्ये आलं. मुंबईतल्या बाईलासुद्धा रस्त्यावर असण्यासाठी काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं, हे त्यांनी त्यात मांडलं आणि निरुद्देश रेंगाळण्याचा हक्क मागितला. मला ते पटतं. शेजारी नवरा होता म्हणून तीन दिवस मला कुणी हटकलं नाही, हे मी जाणून आहे. आणि शेजारी नवरा असूनही मी दर घोट पाणी हिशेबानं पीत होते, कारण पुढचं स्वच्छतागृह कुठे आणि ते उघडं असेल का, याची खात्री नसते. 2011 मध्येच मुंबईतल्या बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली. ज्या शहरात बाईला लघवीची सोय शोधत फिरावं लागतं, ते शहर तिला पुरतं आपलं कसं म्हणता येईल?

तरुणांचं दुःख वेगळं. आम्ही लॉजवर पोचलो तेव्हा दोघांची आधार कार्डं पाहून, पांढरे केस पाहून, माणसानं लगेच किल्ली दिली. आमच्या मागच्या मुला-मुलीला मात्र लग्नाचा पुरावा विचारला गेला. ती दोघं मुकाट निघून गेली. मला तेव्हाच बोलायला हवं होतं, पण मी बोलले नाही. 2015 मध्ये मढ भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी जोडप्यांना पकडून नेलं होतं. ती माणसं सज्ञान होती. या शहरात पिढ्यान् पिढ्या चाळीच्या एका खोलीत आठ-आठ माणसं राहिली. तिथल्या नव्या नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला चौपाटीच होती. घराला जी खोली नव्हती ती समुद्रानं दिली. आज तिथे बसलेल्या पोरांना हुसकावणारे लोक आपल्याच आजी-आजोबांचा एकांत विसरले आहेत.

मरीन ड्राइव्हचा कट्टा साडेतीन किलोमीटरहून लांब आहे. त्याला मधे हात टेकायच्या दांड्या नाहीत, तिकीट नाही, बंद होण्याची वेळ नाही. कुणाची जागा कुठे संपते हे त्या सिमेंटवर लिहिलेलं नाही. सगळे समुद्राकडे तोंड करून बसतात, म्हणून शेजाऱ्याकडे कुणी बघत नाही. घरी आम्ही जेवताना समोरासमोर असतो, गाडीत रस्त्याकडे, टीव्हीपुढे टीव्हीकडे. इथे दोघांची नजर एकाच क्षितिजावर होती आणि बोलायची सक्ती नव्हती. हे आपल्या वडिलांबद्दल बोलले. सासरे परळच्या रुग्णालयात शेवटचे होते तेव्हा हे एका रात्री एकटेच इथे येऊन बसले होते. एकतीस वर्षांत मला ते माहीत नव्हतं. ती जागा कुठली तेही त्यांना आठवत होतं, आत्ता बसलो होतो तिथून थोडी पुढे, चर्चगेटच्या बाजूला. आम्ही उठून तिथे गेलो.

सहा वाजत आले तसा कट्टा भरू लागला. एक मुलगी आणि मुलगा जागा शोधत आली. मुलगी संकोचून म्हणाली, "काका, थोडं सरकता का?" ह्यांनी मधली बॅग उचलून मांडीवर घेतली आणि ते माझ्याकडे सरकले. आमचे खांदे टेकले. चणेवाला समोरून गेला, त्यानं चारही जणांना एकदमच विचारलं. दूर मलबार हिलकडून दिवे लागत आमच्याकडे येऊ लागले.