रथ, मडगार्ड आणि तीच गाडी

१९५३ साली शेव्हरोलेने कॉर्व्हेट आणली. पहिल्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या, आणि त्यांची बॉडी पत्र्याची नव्हे, फायबरग्लासची. अशा गाडीचा फुटलेला मडगार्ड घरीही घडवता येतो: जुना भाग सांधून, त्यावर मेण चोळून साचा काढायचा, मग साच्यात काचतंतूंची चटई आणि रेझिन यांचे थर बसवायचे, शेवटी चिकाटीने घासायचे. एवढे झाल्यावर गाडी तीच राहते का? ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? अखेर रथ हे भागांच्या जुळणीला दिलेले नाव ठरते. मला हे मनापासून पटते, कारण साच्यातून पुढे जातो तो आकार. द्रव्य नवेच असते.

कुणी म्हणेल, मग हुबेहूब नक्कलही अस्सलच की! नाही. नकलेला आकार लाभतो, सातत्य लाभत नाही. घरचा मडगार्ड मात्र चालू असलेल्या आयुष्यात जोडला जातो, जुन्या चासीवर, जुन्या भोकांशी जुळवून घेत. सगळेच भाग एका दिवसात बदलले, तर हा युक्तिवाद डळमळतो, हे मान्य. पण दुरुस्ती तशी होत नाही. ती एकेका जखमेपुरती होते.