प्रारब्ध कुणी सांगावे?

दरवर्षी या अंकासाठी मी पारायणाचा अनुभव लिहून देतो. यंदा एक प्रश्न लिहितो आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे.

गेल्या वर्षी आईच्या टाळूला शेंगदाण्याएवढी गाठ आली. तिचं वय 82. कवळी घासत असेल, असं म्हणत आम्ही दोन महिने घालवले. मिरजेला तुकडा काढून तपासला तेव्हा नाव कळलं, अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. लाळग्रंथीचा कर्करोग. लाळग्रंथी कानाजवळ आणि जबड्याखाली असतात एवढंच मला ठाऊक होतं. टाळूतही त्या बारीक बारीक असतात, हे तेव्हा समजलं. हा रोग दुर्मिळ आहे. वाढतो सावकाश, पण नसांच्या कडेने सरकत जातो आणि कित्येक वर्षांनीही फुप्फुसात डोकं वर काढू शकतो.

भेटायला येणारा प्रत्येक जण आधी विचारी, "मिश्री लावायच्या का?" आईने उभ्या जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही. डॉक्टर म्हणाले, या रोगाचा तंबाखूशी तसा संबंध दिसत नाही. पेशींतच बिघाड होतो, तो का होतो ते सांगता येत नाही. हे उत्तर कुणाला पुरेना. शेवटी ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ, माणूस सज्जन, आईच्या उशाशी बसून म्हणाले, "पूर्वजन्मीचं देणं. भोगूनच फेडायचं."

मी बँकेत 34 वर्षं काढली. व्हाउचरशिवाय कुणाच्या खात्यावर पाच रुपये नावे टाकले नाहीत. यांनी कुठलं व्हाउचर पाहिलं? राग आला, पण वयाकडे पाहून गप्प बसलो.

रात्री झोप लागेना, आणि नको ते आठवलं. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याच्या लहान मुलीच्या हृदयाला भोक होतं. डबा खाताना मी त्याला हेच ऐकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. वर दोन पोथ्यांचे दाखले दिले होते. त्याने अर्धा डबा तसाच बंद केला आणि काउंटरवर जाऊन बसला. मला वाटलं, गर्दी असेल.

कर्मसिद्धान्त मी मानतो. गुरुचरित्रात पूर्वकर्माच्या कथा आहेतच. पण यंदा वाचताना वेगळं काही दिसलं. कुष्ठ झालेल्या नरहरीला श्रीगुरूंनी वाळलेल्या औदुंबराच्या लाकडाला पाणी घालायला लावलं आणि त्याचा रोग घालवला. पोटशूळाने जीव द्यायला निघालेल्या ब्राह्मणाला तर त्यांनी जेवू घातलं. भोग दूर करण्याची ज्यांची शक्ती, त्यांनी कारण सांगावं. मी कुणाच्या कपाळावरचं काय पुसू शकतो? मग वाचून दाखवायचा अधिकार मला कुठून आला?

इथे माझा हिशेब अडतो, कारण आई स्वतः तेच म्हणते. टाळूचा भाग काढला, तिथे कवळीसारखी प्लेट बसवली. मग सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, किरणांचे शेक झाले. लाळ आटली. घोटभर पाणी पिऊन ती बोलते. एकदा म्हणाली, "मागल्या जन्मी कुणाला फार तिखट बोलले असेन बघ, म्हणून आता वरणसुद्धा तिखट लागतं." आणि हसली. तिच्या तोंडी तेच प्रारब्ध मला खुपलं नाही. तिला त्याचा आधार होता. माझ्या तोंडी ते आलं असतं तर?

सप्ताह सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्या सहकाऱ्याचा नंबर शोधून फोन केला. मुलीचं ऑपरेशन तेव्हाच झालं होतं, आता ती शाळेत शिकवते. मी जुनी गोष्ट काढून माफी मागू लागलो, तर त्याने मला पुढे बोलूच दिलं नाही.

"ते राहू दे रे," तो म्हणाला. "आईंना गिळता येतंय का? पेज नीट जाते का पोटात?"